दामेतकेनच्या नावाचा बटाटा

दामेतकेनला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पण बटाट्याचं आजारी झाड ती वीस पावलांवरून ओळखायची. अठराव्या वर्षी ती बटाट्याच्या संशोधन केंद्रावर कामाला लागली तीच मुळी रोगट झाडं उपटायला. सकाळचं ऊन पाठीशी घ्यायचं, दोन ओळींमधून सावकाश चालायचं, आणि ज्या पानावर फिकट-गडद नक्षी उमटलीय, पान चुरगळल्यासारखं झालंय, ते झाड मुळासकट आणि खालच्या बटाट्यांसकट पोत्यात घालायचं. आलाताऊच्या डोंगरांच्या पायथ्याशी उन्हाळा कडक आणि मावा ही कीड भरपूर. माव्याच्या सोंडेतून वाय नावाचा विषाणू या झाडावरून त्या झाडावर जातो आणि चांगलं बेणं तीन वर्षांत मातीमोल होतं. चौथ्या वर्षी परदेशातून नवं बेणं आणायचं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असली झाडं उपटण्यात दामेतकेनची तारुण्याची सगळी वर्षं गेली, आणि तिला त्यात काही विशेष गेलं असं वाटलंही नाही.

केंद्रात नवे वाण तयार करायचं काम सापारगालींकडे होतं. पण वडीलधाऱ्याचं नाव असं सबंध उच्चारणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा, म्हणून सगळे त्यांना साके म्हणत. साकेंचे भाऊ अजून त्यांना टोमणा मारत, की सात पिढ्या मेंढ्यांवर जगलेल्या घरात हा एक बटाट्याच्या नादी लागला. मेक्सिकोच्या डोंगरात एक रानटी बटाटा असतो. सुपारीएवढा, कडू, कुणी कुत्र्यालाही घालणार नाही. पण वायला तो जुमानत नाही. त्याचा हा एवढा एक गुण आपल्याकडच्या चवदार बटाट्यात उतरवायचा, हा साकेंचा ध्यास. त्यात आणखी एक अडचण होती. त्या घराण्याच्या फुलांत परागच धरत नसे, त्यामुळे दर वेळी त्यांना आईच करावी लागे आणि बाप बाहेरून आणावा लागे.

"पुरुष नुसते नावाला," शेतावरची मुकादम एल्सा म्हणायची. "अगदी माझं सासर."

सोव्हिएत राज्य गेलं तेव्हा केंद्रातली निम्मी माणसं बाजारात कपडे विकायला गेली. पगार म्हणून बटाटे मिळत. दामेतकेन राहिली. दुसरं काही येत नव्हतं म्हणून राहिले, असं ती सांगायची; पण खरं कारण हे, की उन्हाळ्यात तिच्या ओळी दुसऱ्या कुणी नीट पाहिल्या नसत्या. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, तो लवकर गेला. मुलगा मोठा होऊन आकताऊला तेलाच्या विहिरीवर लागला. आणि ती चव्वेचाळीस वर्षांची असताना, प्रयोगशाळेतली सगळी शिकलेली पोरं पळून गेल्यामुळे, साकेंनी तिलाच दोन महिने पोलंडला पाठवलं. झाडाची खूण बघायला शीक म्हणाले.

पूर्वी एखादं झाड वायपुढे टिकतं की नाही हे कळायला तीन उन्हाळे लागत. आता बटाट्याचा अंकुर चिरडून त्यातला डीएनए काढायचा आणि त्या गुणाला चिकटून असलेली एक खूण शोधायची. खूण सापडली की बहुतेक गुणही असतोच. खरवसासारखी थरथरती, पारदर्शक वडी ओतायची, तिच्या एका कडेला कंगव्याने छोटे खळगे पाडायचे, प्रत्येक खळग्यात एकेका वाणाचा थेंब सोडायचा आणि वीज सुरू करायची. थेंब वडीतून सरकत जातात. मग जांभळ्या दिव्याच्या काचेवर वडी ठेवली की ज्याच्यात खूण आहे त्याच्या वाटेत एक रेघ झळकते.

पोलंडच्या बाईंनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती. वडी दोन्ही अंगांनी सारखी दिसते. पालथी पडली तर डावं ते उजवं होतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून आधी वडीचा उजवा कोपरा सुरीने तिरपा कापायचा, मग बाकीचं. दामेतकेनने बारा वर्षं कोपरा कापला. एकदा नाही कापला.

तो दिवस वीस मार्चचा. परवावर नौरूझ. घराघरातून गालिचे बाहेर काढून झोडपले जात होते, जुनं झटकल्याशिवाय नवं वर्ष घरात येत नाही म्हणून. केंद्रातली वीज सकाळपासून लपंडाव खेळत होती. साकेंच्या बावीस वर्षांच्या खटपटीतून शेवटी बारा वाण उरले होते, सगळे एकाच आईबापाचे, सगळे चवीला आणि पिकाला चांगले. त्यांच्यापैकी कुणात ती रानटी खूण उतरलीय हे बघायचं होतं, म्हणजे तो एक वाण वसंतात सरकारी चाचणीला पाठवता आला असता. दामेतकेन घाईत होती. दुसऱ्या खळग्यात थेंब सोडताना तिचा हात हलला आणि खळग्याची भिंत फाटली. खिडकीच्या बाजूचा, डावीकडून दुसरा. "मर," ती त्याला म्हणाली आणि पुढे गेली. काम झाल्यावर वडी उचलून दिव्याकडे नेताना ती तिच्या हातातून घसरली आणि काचेवर पडली. तुटली नाही हेच नशीब म्हणून तिने ती बोटांनी सरळ केली, दिवा लावला, आणि डावीकडून चौथ्या वाटेत रेघ झळकली. एकच, पण अशी लख्ख की तिचे डोळे भरून आले.

फोटो काढून ती तशीच पांढऱ्या कोटात अंगणातून धावली. साके बेण्याच्या कोठारात बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, डोळ्यांत काचबिंदू, पण हातात घेतलेला बटाटा कुठल्या आईचा हे बोटांनी सांगणारे.

"सुयिंशी, साके! सुयिंशी!"

चांगली बातमी आणणाऱ्याने आधी सुयिंशी मागायची, आणि ऐकणाऱ्याने हात आखडता न घेता काहीतरी द्यायचं. बातमी मोठी तर देणं मोठं. 'नंतर बघू' म्हणणारा माणूस गावात हलका ठरतो.

"कुठला?" साकेंनी विचारलं.

"चार नंबर. रेघ आली. मी डोळ्यांनी पाहिली."

 त्यांनी आजूबाजूला चाचपून पाहिलं. चष्मा होता, एक जुनं भिंग होतं, अंगावर कापूस भरलेला कोट होता. यातलं काहीच त्या बातमीच्या तोलाचं नव्हतं.

"तुझ्या आईबापांनी तुझं हे नाव का ठेवलं, पोरी?"

"नऊ वर्षं मूल नव्हतं त्यांना. आस लावून बसले होते, म्हणून दामेतकेन."

"मी बावीस वर्षं बसलोय. तर हीच तुझी सुयिंशी. या वाणाचं नाव दामेतकेन."

घरी जाताना ती दोनदा थांबून एकटीच हसली. जन्मात कुणी तिला फूलसुद्धा दिलं नव्हतं, आणि आता तिच्या नावाचा बटाटा लोकांच्या ताटात पडणार होता. हे सुख तिचं होतं आणि ते तिने दीड दिवस पुरेपूर भोगलं. तेवढंच तिच्या वाट्याला होतं.

एकवीस तारखेला संचालकांनी कोठार साफ करायला सांगितलं. खूण नसलेले अकरा वाण खरं तर चाचणी दुसऱ्यांदा करेपर्यंत ठेवायचा नियम आहे. पण सुयिंशी दिल्या-घेतल्यावर बातमी पुन्हा तपासायची म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर त्याचं देणं फेकल्यासारखं. ते कुणाच्या मनातही आलं नाही, ना संचालकांच्या, ना साकेंच्या, ना खुद्द दामेतकेनच्या. एल्साने काही पोती गायींना घातली आणि चवीला चांगले होते ते केंद्राच्या खानावळीत दिले, सणाच्या कुइरदाकला.

नौरूझच्या दिवशी खानावळीत पन्नास माणसं जेवायला होती. संचालकांनी वडीचा फोटो हातभर मोठा छापून चौकटीत भिंतीवर लावला होता, खाली लाल अक्षरांत 'दामेतकेन'. तिला त्याच्या समोरची मानाची जागा मिळाली. काळजाचे तुकडे आणि बटाटे एकत्र तळलेल्या कुइरदाकची परात समोर आली. एल्साने तिच्या ताटात डाव रिता केला.

"खा. हा नऊ नंबर. बाराजणांत हाच चवीला सरस होता मेला, पण खूण नाही तर कढईत. माझ्या आत्याचं असंच झालं, दिसायला देखणी आणि हुंडा नाही."

दामेतकेन हसली. घास तोंडात घातला आणि फोटोकडे पाहिलं. इतका मोठा फोटो तिने आधी पाहिला नव्हता. वरच्या कडेला खळग्यांची रांग होती. त्यातला एक फाटलेला होता. उजवीकडून दुसरा.

तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. उजवीकडून दुसरा. तिने फाडला तो डावीकडचा, खिडकीच्या बाजूचा. मग वडी पालथी पडली होती. मग डावीकडून चौथा तो चौथा नव्हताच. बारातून मागून चौथा म्हणजे कोण, हे बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. तो नऊ नंबर होता, आणि तो तिच्या तोंडात होता.

घास गिळवेना आणि थुंकायची सोय नाही. पलीकडून साके तिच्याकडे, म्हणजे तिच्या बाजूच्या धूसर प्रकाशाकडे बघत होते. "कसा आहे?" त्यांनी विचारलं. ती गिळून म्हणाली, "चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ती एकटीच प्रयोगशाळेत गेली, शीतपेटीतल्या बारा नळ्या काढल्या, वडी ओतली, कोपरा कापला. पुन्हा एकदा बघून घेतलं की कापलाय. दुपारी नववी वाट उजळली. चौथी काळीकुट्ट. तिने तीनदा दिवा विझवून लावला, जणू दिव्याला दया येईल. मग ती खानावळीत गेली. परात घासून पालथी ठेवलेली होती. नऊ नंबरचं एक पोतं होतं आणि त्यातला एक बटाटाही उरला नव्हता, असं आचाऱ्याने आनंदाने सांगितलं. "सगळे मागून मागून घेत होते, दामेतकेन-आपाय."

आता सांगायचं तरी काय? चूक झाली, एवढंच? नऊ नंबर परत आणून दिला असता तर सांगण्यात अर्थ होता. तो पन्नास माणसांच्या पोटात गेला होता. उरलेलं सत्य नुसतं साकेंच्या छातीत मारायचा दगड होतं, आणि तो तिच्या हातात होता. तिने तो पदराआड ठेवला आणि तिथून तिची खरी कोंडी सुरू झाली.

कारण लोक गप्प बसू देईनात. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातून एकजण फोटो काढून गेला. आकताऊहून मुलाचा फोन आला. विहिरीवरच्या सगळ्यांना त्याने आईच्या नावाचा बटाटा सांगितला होता. दुकानदारीण तिला पावाबरोबर दोन मिठाया जास्त देऊ लागली. दर अभिनंदनाला ती "रखमेत" म्हणून आभारादाखल मान हलवायची आणि घरी येऊन कपडे न बदलता खुर्चीवर बसून राहायची. सगळ्यात वाईट म्हणजे साकेंची बायको वाटेत भेटली.

"दामेतकेन, तुला पुण्य लागेल. म्हातारा आता सरळ सकाळपर्यंत झोपतो. इतकी वर्षं उठून येरझाऱ्या घालायचा, अमकी आई घेतली तर काय, तमका बाप घेतला तर काय. आता घोरतो. मला त्रास, पण घोरू दे."

त्या दिवसापासून दामेतकेनची झोप गेली. जणू एका घराची झोप दुसऱ्या घरातून उसनी आणावी लागते.

पळून जावं असंही तिला वाटलं. मुलगा बोलावतच होता. पण चार नंबरचं बेणं पंधरा एप्रिलला चाचणीसाठी निघणार होतं. तिथून दोन-तीन वर्षांत ते शेतकऱ्यांच्या हाती जाणार, आणि मग आलाताऊपासून सिरदर्या नदीपर्यंत दामेतकेन पिवळी पडणार, चुरगळणार. लोक म्हणणार, साकेंचा दामेतकेन घेतला आणि बुडालो. ती आकताऊला समुद्राकाठी बसून हे ऐकणार. पळायला जागा होती. नाव मात्र इथेच राहणार होतं.

एप्रिलच्या दहा तारखेला पोत्यांना चिठ्ठ्या लावायचं काम आलं. एल्सा पोती शिवत होती, दामेतकेनने चिठ्ठ्या लिहायच्या. सहा पोती. पहिल्या चिठ्ठीवर तिने आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या चिठ्ठीवर 'दामे' एवढं लिहून हात थांबला.

"काय गं, स्वतःच्या नावाचं स्पेलिंग विसरलीस?" एल्सा म्हणाली. "मोठी माणसं झाल्यावर असं होतं म्हणे."

"एल्सा, हा तो नाही."

"कोण तो नाही?"

मग तिने सगळं सांगितलं. कोपरा, फाटका खळगा, खानावळीतली भिंत, तोंडातला घास. एल्सा सुई हातात धरून ऐकत राहिली. पन्नाशी उलटलेली ही धिप्पाड बाई कधी कुणाला वाक्य पुरं करू देत नसे; तिने या वेळी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"वीस दिवस," शेवटी ती म्हणाली. "वीस दिवस तू हे पोटात ठेवलंस? अगं गाढवे, मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय, परत ओकणार होतीस?"

"नाही. पण माझ्या घरी चल."

एल्साचं घर म्हणजे खिडक्यांना निळा रंग आणि आत सगळीकडे साठवण. तिच्या आजीला महायुद्धात, एक्केचाळीस साली, सरकारने व्होल्गाकाठच्या सगळ्या जर्मनांबरोबर गाडीत कोंबून या स्टेपच्या माळावर आणून टाकलं होतं. पहिल्या हिवाळ्यात आजीने स्टेशनावरच्या खानावळीमागून बटाट्याची सालं गोळा केली, ज्या सालीवर डोळा होता ती राखेत गुंडाळून ठेवली आणि वसंतात पेरली. त्या डोळ्यांवर चार मुलं जगली. तेव्हापासून या घरातली बाई डोळा असलेली साल फेकत नाही, मग कोठारात टनावारी बेणं का पडलेलं असेना. सगळं केंद्र तिला त्यावरून हसायचं. दामेतकेनही हसायची.

एल्साने पलंगाखालून लाकडी खोकं ओढलं. आत राख, आणि राखेत सालींचे जाड तुकडे, काहींना बोटाच्या पेराएवढे कोंब.

"खानावळीतली सालं. नौरूझची," ती म्हणाली. "सगळ्या वाणांची सरमिसळ आहे. पण नऊ नंबरचा डोळा जांभळा."

दामेतकेन जमिनीवर बसली आणि रडली. दोघींनी मिळून जांभळ्या डोळ्यांचे एकतीस तुकडे वेगळे केले. दोन दिवस दामेतकेनने एकेका कोंबाचं टोक घेऊन खूण तपासली. दर वेळी कोपरा कापून, वर एल्साला बोलावून दाखवायची, "कापलाय ना?" आणि एल्सा म्हणायची, "कापलाय बाई, आता माझा गळा कापू नकोस." एकतीसपैकी बारा तुकडे दुसऱ्याच जांभळ्या डोळ्यांच्या भावंडाचे निघाले आणि दोन कुजले. सतरा तुकडे उरले, सतराही तुकड्यांच्या वाटेत रेघ.

चौदा तारखेला ती साकेंच्या घरी गेली. ते खिडकीशी चहा घेत बसले होते. तिने उंबऱ्यातच म्हटलं, "साके, सुयिंशी." या वेळी आवाज धावत आलेल्या माणसाचा नव्हता.

"महिन्यात दुसऱ्यांदा?" साके हसले. "घर रिकामं करायचं ठरवलंयस का माझं? बोल."

"नऊ नंबर जिवंत आहे."

"त्याला काय धाड भरली होती? त्याला तर आपण खाल्लं."

तिने राखेतला एक तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न वगळता, तेवीस दिवसांसकट. साके ऐकताना तो तुकडा बोटांनी फिरवत होते. डोळ्याची खोली, सालीचा खरखरीतपणा. आतल्या खोलीत बायकोच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

"नऊच आहे," ते म्हणाले. मग, "किती?"

"सतरा."

"सतरा डोळे. पोत्यापर्यंत पोचायला दोन वर्षं. चाचणीला जायला तीन." त्यांनी तुकडा बशीत ठेवला. "मी सत्त्याहत्तर आहे, पोरी. मला राग आला नाही असं समजू नकोस. आलाय. फार आलाय."

"येऊ दे."

"चुकीबद्दल नाही. वडी काय, कुणाच्याही हातून पडते. त्या तेवीस दिवसांबद्दल. तेवीस दिवस तू मला झोपू दिलंस."

ती खाली बघत राहिली. 

"बावीस वर्षांत मी हजारोंनी रोपं फेकली," ते म्हणाले, आता जणू स्वतःशीच. "हा नको, तो नको. त्यांत किती नऊ नंबर गेले असतील, मला कुणी दाखवणार आहे का फोटो?" मग मान वर केली. "बातमी चांगली आहे. रीत ती रीत. माग, काय हवं?"

"माझं नाव काढून घ्या त्याच्यावरून."

"ते नाही."

"साके, दुसरं काही नको मला."

"दिलेलं परत घ्यायची पद्धत माझ्या बापाच्या घरी नव्हती. चार नंबरचं नाव दामेतकेन, आणि ते दामेतकेनच राहील." त्यांनी बशीतला तुकडा पुन्हा उचलला. "पण चाचणीला जाणार नाही. वायची परीक्षा घ्यायची तर शेजारी एक रोगी ओळ लागतेच. तिच्यावर मावा सोडायचा, ती आजारी पडली की तिच्यावरून तो दुसऱ्यांवर जातो. दर वर्षी कुठलं तरी परकं बेणं आणतो त्यासाठी. आता आपल्या घरचं आहे."

शिक्षा होती की काय, हे दामेतकेनला तेव्हा कळलं नाही. पुढेही नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवशी साके स्वतः काठी टेकत संचालकांकडे गेले. बराच आरडाओरडा झाला, मंत्रालयाला पत्र गेलं, खानावळीतली चौकट उतरली आणि भिंतीवर तेवढाच पांढरा चौकोन राहिला. दामेतकेनला प्रयोगशाळेतून काढतो, असं संचालक म्हणाले. त्यावर साके म्हणाले, "खुशाल काढा. पण कोपरा कापायला इथून पुढे तिच्याइतकी भित्री बाई तुम्हाला मिळणार नाही." ती राहिली.

मुलाला तिने फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, आई, मी इथे कुणाला सांगत नाही." हे तिला फार लागलं. दुकानदारणीने मिठाया बंद केल्या नाहीत, पण देताना चेहरा बघू लागली.

दोन उन्हाळे नऊ नंबर जाळीच्या घरात वाढला. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याची पहिली ओळ उघड्या शेतात लागली आणि तिच्या शेजारी, एका सरीच्या अंतरावर, दामेतकेन. जूनमध्ये मावा सोडला. जुलैत साकेंना मोटारीतून बांधापर्यंत आणलं. डोळे आता पूर्ण गेले होते. एल्साने एका हाताला धरलं, दामेतकेनने दुसऱ्या, आणि सरीतून हळूहळू आत नेलं.

साकेंनी डावीकडचं एक पान दोन बोटांत धरलं. खडबडीत, सुरकुतलेलं. त्यांनी आणखी एक धरलं, तेही तसंच.

"ही कोण?"

"दामेतकेन."

"तब्येत?"

"वाईट आहे, साके. सगळी ओळ पिवळी पडलीय."

"नवऱ्याशिवाय बाई, काय होणार?" एल्सा म्हणाली.

साकेंनी उजवीकडे हात केला. तिथलं पान गुळगुळीत होतं, थंड, भरीव. ते पानामागून पान चाचपत चार झाडं पुढे गेले. 

"बोल की मग," ते म्हणाले. "आता का गप्प?"

 दामेतकेनने त्यांचा हात एल्साच्या हाती दिला, सरीतून उलट चालत पार ओळीच्या तोंडाशी गेली, पहिल्या खुंटीवरचा आकडा वाचला, दुसऱ्या खुंटीवरचं स्वतःचं नाव वाचलं, सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, आणि नोंदवहीतला नकाशा त्याप्रमाणे फिरवून धरला. साके उन्हात वाट बघत उभे होते. मग ती तितकंच अंतर चालून परत आली.

"सुयिंशी, साके."

साकेंनी खिसे चाचपले. काही नव्हतं. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि हाताने तिचं डोकं शोधून तिच्यावर ठेवली. टोपी मोठी होती, कानांवर आली. दामेतकेनने ती तशीच राहू दिली, पेन्सिल काढली, आणि वहीत आपल्या नावापुढे लिहिलं: आजारी.